मुरलेलं पाणी

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यात, मे महिन्यातल्या एका गुरुवारी, दुपारी तीनच्या सुमारास मोठ्या बाबांनी आमच्या खोलीच्या खिडकीतला कूलर उखडून काढला आणि त्याच्या टाकीतलं पाणी आमच्या उंबऱ्यासमोर ओतलं. आत माझी धाकटी बहीण नंदा तापाने पडलेली होती. ती अकरा वर्षांची होती. त्या दिवसापासून घराच्या दोन भागांतलं बोलणं थांबलं. ते पुन्हा सुरू झालं नाही.

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. घर एकच होतं, मधे अंगण, अंगणाच्या एका अंगाला मोठे बाबा आणि मोठी आई, दुसऱ्या अंगाला आम्ही चौघं. रस्त्याच्या बाजूला दुकान. दुकानात कूलर तयार होत. आमचे आजोबा साहेबलोकांच्या बंगल्यांच्या दारा-खिडक्यांना वाळ्याच्या, म्हणजे आमच्याकडे म्हणतात त्या खसच्या, ताट्या बांधून देत आणि दिवसभर त्यांच्यावर पाणी शिंपडायला माणूस पुरवत. साहेब गेले, ताट्या गेल्या, आणि दोघा भावांनी पत्र्याचे कूलर करायला घेतले. मोठे बाबा पत्रा कापत, चौकट जोडत, पंखा बसवत. बाबा तीन बाजूंच्या जाळ्यांत खस भरत. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत आमच्या घरात पत्र्यावरच्या हातोडीचा आवाज सकाळी सातला सुरू व्हायचा. त्या आवाजात मी अभ्यास केला. पुढे वर्तमानपत्रात नोकरी करताना छपाईयंत्राच्या धडधडीत बसून बातम्या लिहिणं मला जड गेलं नाही, त्याचं कारण बहुधा हेच.

आमच्या धंद्याचा एक नियम होता. कूलरच्या टाकीतलं पाणी हंगामात फेकायचं नाही. वरून भर घालत राहायचं. आजोबा ताटीखाली पन्हाळ लावून ठिबकलेलं पाणी घागरीत धरत आणि तेच पुन्हा ताटीवर मारत, कारण त्या पाण्यात खसचा वास उतरलेला असे. तोच नियम टाकीला लागू झाला. मोठे बाबा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत, "साहेब, पानी फेकू नका. वरून टाकत राहा. मुरलेल्या पान्याची थंडक अलगच राहते." म्हणून आमच्या कूलरच्या टाकीला तळाशी भोक ठेवलेलं नसे. नळाला तासभर पाणी येणाऱ्या शहरात हा नियम लोकांना पटायचा. खिडकीतून येणारा तो ओला, गोडसर, मातीसारखा वास म्हणजे आमच्या लेखी उन्हाळा होता.

नंदा जन्मापासून खोकत होती. तिचा खोकला ओला होता, सकाळी जास्त, आणि तो संपायला वेळ लागायचा. तिला भूक राक्षसासारखी लागे आणि अंगाला काही लागत नसे. पाच वर्षांची असताना एका डॉक्टरांनी टीबी सांगितला. टीबीची औषधं दोनदा पूर्ण झाली. खोकला तसाच राहिला. टीबी हा शब्द मात्र घरात राहून गेला. मोठ्या आईने नंदाचा पितळी गिलास वेगळा केला आणि अंगणातल्या कोनाड्यात पालथा ठेवला. नंदा अंगणात आली की मोठी आई पदर तोंडाला लावायची.

"इकडं थुकू नको वं खोकले," ती म्हणायची.

"तुमच्याकडं कोन थुकते? तुमच्याकडं तर मी पाहत बी नाही," नंदा म्हणायची.

आई यात पडायची ती आवाज न चढवता. "मोठ्या बाई, पोरगी बिमार आहे. आंधळी-बहिरी नाही. आयकू येते तिले."

"मंग आयकू दे ना. मी काय चोरून बोलून राहिली?"

बाबा खस भरत राहायचे. त्यांची बोटं त्या मुळ्यांनी कापलेली असायची. भावाविरुद्ध ते बोलल्याचं मला आठवत नाही. या प्रकरणात पुढेही ते फारसे बोलत नाहीत, तो लिहिण्यातला दोष नाही.

शहराच्या धंतोली भागात एक डॉक्टर नव्याने आले होते. ते बाहेरदेशी शिकलेले होते. नंदा नऊ वर्षांची असताना, तिला उन्हाळ्यात चक्कर येऊन सलाईन लावावं लागल्यावर, आई तिला त्यांच्याकडे घेऊन गेली. मी सोबत होते. त्यांनी छाती तपासली, बोटांची नखं पाहिली, मग आईला विचारलं, "बाई, हिचा मुका घेतला तर खारट लागतो का?"

नंदाचे मुके खारट लागतात हे आईने कोणालाही सांगितलं नव्हतं. तिच्या फ्रॉकच्या पाठीवर घाम वाळला की पांढऱ्या रेघा उमटत, त्या ती कोणी पाहायच्या आत धुऊन टाकायची. "लागते," आई म्हणाली. "लहानपनापासून."

त्यांनी घामातलं मीठ तपासून घेतलं. आजाराचं नाव सिस्टिक फायब्रोसिस. त्यांनी ते एका कागदावर देवनागरीत लिहून दिलं, कारण आईला इंग्रजी येत नव्हतं. आपल्याकडे हा आजार होत नाही असं त्यांच्याबरोबरचे डॉक्टरही समजतात, असं ते म्हणाले. शरीरातला ओलावा दाट होतो. छातीत कफ चिकटून राहतो, त्यात जंतू वाढतात, ते फुप्फुस थोडं थोडं खातात. पोटातला रस अडतो, म्हणून अन्न पचत नाही. घामातून मीठ जातं. हा आजार स्पर्शाने होत नाही. तो बरा करता येत नाही. छातीत जंतू शिरू न देणं आणि शिरलेच तर लगेच हुसकणं, एवढंच हातात आहे. त्यांच्या सांगण्यातलं हे शेवटचं वाक्य आईने घरी येईपर्यंत तोंडातल्या तोंडात पाठ केलं.

त्यानंतर आमच्या खोलीत एक दिनक्रम लागला. बाजेच्या पायथ्याच्या पायांखाली दोन-दोन विटा. नंदा पालथी, डोकं खाली. हाताचा खोलगट द्रोण करून तिच्या पाठीवर, बरगड्यांवर, कुशीवर थापटायचं, एका जागेवर तीन मिनिटं, सकाळी आणि संध्याकाळी. सकाळी आई, संध्याकाळी मी. तो आवाज घोड्याच्या टापांसारखा येतो. मग नंदा उठून खोकायची आणि झाकणाच्या डब्यात कफ टाकायची. कफाचा रंग आई रोज पाहायची. जेवणात पचनाची पूड, त्या पुडीला जनावराच्या आतड्याचा वास यायचा, ती वरणात कालवून द्यावी लागे. अंडी, तूप, कोथिंबिरीची सांभारवडी, जे मागेल ते. उन्हाळ्यात पन्हं, त्यात साखरेपेक्षा मीठ जास्त. घरात कोणाला सर्दी झाली तर तो माणूस नंदाच्या बाजूला फिरकायचा नाही. औषध ताप उतरला म्हणून बंद करायचं नाही, सांगितलेले दिवस पुरे करायचे. आणि ज्याला पाणी लागतं ते सगळं रोज धुवायचं, उकळायचं, उन्हात कोरडं करायचं. वाफेची किटली, तिची नळी, गिलास, चमचा, कफाचा डबा. आई हे सगळं सकाळी आठला चुलीवर चढवायची आणि दहाला अंगणातल्या तारेवर टांगायची. मोठी आई त्या तारेखालून जाताना वाकायची, जणू ते अंगावर पडेल.

या सगळ्यात कूलर कोणी मोजला नाही. तो आमच्या घरात भांडं नव्हता. तो धंदा होता. उलट, नंदाला सलाईन लागलं त्याच उन्हाळ्यात मोठ्या बाबांनी स्वतःहून एक कूलर आमच्या खिडकीत बसवून दिला होता. त्यांनी केलेल्या चांगल्यांपैकी तो होता, जाड पत्र्याचा, खस दुप्पट भरलेला. देताना ते म्हणाले होते, "घ्या. आता तरी म्हनू नका का मोठ्या बाबांनं काही नाही केलं." त्या कूलरने दोन उन्हाळे नंदाला चक्कर येऊ दिली नाही, हेही नोंदवायला हवं.

माझ्या परीक्षेच्या वर्षी, एप्रिलच्या अखेरीस नंदाचा कफ हिरवा झाला. त्याला एक गोड वास येऊ लागला, पिकून उतरलेल्या द्राक्षांसारखा. ताप चढला. नेहमीच्या कॅप्सूलने तो उतरला नाही. कफ तपासायला गेला आणि तीन दिवसांनी डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं. ते म्हणाले, हा नवा जंतू आहे, नेहमीच्या औषधांना जुमानत नाही, आणि एकदा छातीत घर केलं की सहसा निघत नाही. आत्ता तो नुकताच आला आहे, आत्ताच काढता आला तर काढायचा. जेंटामायसिनची इंजेक्शनं, दिवसातून तीनदा. मग त्यांनी विचारलं, "घरात पाणी कुठे साचून राहतं? हा जंतू साचलेल्या पाण्यात असतो."

"कुठंच नाही," आई म्हणाली. "सारं उकळते मी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही नाही म्हणाले.

"कूलर आहे ना," नंदा म्हणाली.

"तो घरचाच हाये," आई तिला म्हणाली. "तो काही बाहेरचा नाही."

डॉक्टरांनी टाकीचं पाणी कधी बदलता ते विचारलं. नंदानेच उत्तर दिलं, "बदलत नाही. मुरवते." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. कापसाचं बूच लावलेली एक निर्जंतुक बाटली माझ्या हातात दिली आणि त्या टाकीतलं पाणी आणायला सांगितलं. "आणि तो बंद करा," ते म्हणाले. आईने विचारलं, बंद केला तर पोरगी उन्हाने जाईल, त्याचं काय? त्यांनी उपाय सांगितला. रोज धुतलेली, उन्हात वाळवलेली चादर ताज्या पाण्यात भिजवून खिडकीला लावायची. मीठ-पाणी घड्याळ लावून द्यायचं. आईने पुन्हा विचारलं, चादरीनं भागेल का? ते म्हणाले, "सांगता येत नाही. पण कूलरने काय होईल ते सांगता येतं."

आई घरी आली आणि तिने खिडकीत कूलरचं बटण बंद केलं. बाबा जेवायला आले तेव्हा तिने त्यांना कारण सांगितलं. अंगणापलीकडे ते पोचायला वेळ लागला नाही. त्या आठवड्यात मोठ्या बाबांकडे सावनेरकडच्या एका खाणीच्या वसाहतीची ऑर्डर होती, त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी. अंगणभर अर्धे झालेले कूलर उभे होते. त्यांच्या कूलरचं पाणी धंतोलीच्या लॅबमध्ये जाणार, हे त्यांच्या कानावर गेलं. ते आमच्या दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत.

"काहून बंद केला?"

"डॉक्टर म्हनले," आई म्हणाली.

"डॉक्टरच्या बापानं पाह्यला का कूलर? वीस साल झाले लोकं माझ्या कूलरसमोर झोपून राहिले. कोन मेलं? नाव सांग एकाचं."

"त्यांच्या छाती धड आहेत."

"मंग तुह्या पोरीची छाती खराब, तर माझा कूलर काहून खराब करतं? गावभर सांगशील का याच्या पान्यात कीडे आहेत? ऑर्डर आहे ना माझी!" मग ते बाबांकडे वळले. "तू सांग ना गा. तू भरतं ना खस. कीडे भरतं का?"

बाबा म्हणाले, "तपासू द्या, दादा." त्या दिवसातलं त्यांचं तेवढंच वाक्य.

"पान्याले हात लावून पाहा," मोठे बाबा म्हणाले आणि गेले.

आतून नंदा ओरडली, "मोठे बाबा, तुमचा कूलर माझ्यापेक्षा जास्त खोकते! रिपेअर करा आधी!" आणि तिला स्वतःलाच खोकला लागला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, मोठे बाबा वेल्डिंगवाल्याकडे गेलेले असताना, मी अंगणातला स्टूल खिडकीखाली ठेवून टाकीचं झाकण उघडलं. बाटली आत धरली. बुडाशी हात लागला तेव्हा बोटांखाली काहीतरी बुळबुळीत, साबणाच्या वडीच्या खालच्या बाजूसारखं लागलं. ते मी तोवर कधी पाहिलं नव्हतं, कारण टाकीत वरूनच पाणी घालत असू. मोठी आई मागे उभी होती.

"चोरी करून राहिली का कुसुम?"

"पानी घेऊन राहिली."

"आपल्याच घराच्या मुळावर उठली तू. शिकवून हेच केलं का?" तिने स्टूल ओढला. मी उडी मारली, बाटली पडू दिली नाही. ती म्हणाली, "जा. घेऊन जा. आन् त्या खोकलीले बी घेऊन जा घरातून." मी सायकलने धंतोलीला गेले. बाटली ओल्या फडक्यात गुंडाळलेली होती. पोचायला पंचवीस मिनिटं लागली.

मधल्या तीन दिवसांत दुकानातले दोन्ही भाऊ एकाच बाकावर बसून काम करत होते आणि एकमेकांना हत्यारं हाताने देत नव्हते, बाकावर सरकवत होते. डॉक्टरांचा कंपाउंडर सकाळ-दुपार-संध्याकाळ इंजेक्शन द्यायला यायचा. मोठी आई त्याला अंगणात थांबवून विचारायची, "सांगा ना भाऊ, टीबीच आहे ना?" तो मान हलवायचा. हो की नाही, ते कळायचं नाही. आई चादरी धुवायची, वाळवायची, भिजवायची, लावायची. तासातासाने मीठ-लिंबाचं पाणी. बाहेरची हवा भट्टीसारखी होती आणि चादर अर्ध्या तासात कडक व्हायची.

गुरुवारी सकाळी रिपोर्ट मिळाला. टाकीच्या पाण्यात तोच जंतू वाढला होता, ज्या औषधांना कफातला जंतू जुमानत नव्हता त्यांना हाही जुमानत नव्हता. डॉक्टर नेमकं काय म्हणाले ते मी तेव्हाच वहीत उतरवून घेतलं होतं. ते म्हणाले, दोन्हीकडे एकाच जातीचा आहे. तो टाकीतूनच तिच्या छातीत गेला हे मी सिद्ध करू शकत नाही. तिच्या छातीतून टाकीत गेला असंही कोणी म्हणू शकेल. पण तो कूलर मी माझ्या मुलीच्या खोलीत ठेवला नसता. पुढे चाळीस वर्षं मी बातम्यांत जे वाक्य सर्वांत जास्त शोधत राहिले ते याच बांधणीचं होतं: काय माहीत आहे, काय माहीत नाही, आणि त्यावर काय करायचं.

मोठ्या बाबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. तीनच्या सुमारास ते दारात आले आणि म्हणाले, "वाच." मी उंबऱ्यावर उभं राहून रिपोर्ट वाचला आणि त्याचा अर्थ सांगितला. डॉक्टरांनी सिद्ध करता येत नाही म्हटलं, तेही सांगितलं.

"म्हंजे नाही सिद्ध झालं."

"नाही."

"मंग माझं नाव काहून घेता?"

आई आतून आली. "नाव नाही घेत. कूलर घेऊन जा तुमचा."

त्यांनी दुकानातून पाना आणला. चार बोल्ट काढायला त्यांना काही मिनिटं लागली. बाबा उठले नाहीत. मोठ्या बाबांनी कूलर एकट्याने खिडकीतून ओढून अंगणात आणला आणि टाकी आमच्या उंबऱ्यासमोर उलटी केली. आधी पाणी आलं, चहासारखं तपकिरी. मग बुडाचा थर सुटून एका तुकड्यात पडला, हिरवट-काळा, हाताच्या बोटाएवढा जाड, आणि त्याचा वास खसचा नव्हता. शेजारच्या दोन बायका फाटकात उभ्या होत्या. मोठ्या बाबांनी तो थर पाहिला. तो त्यांनीही आधी कधी पाहिलेला नसावा, असं मला वाटतं, पण मी त्यांना विचारलं नाही. त्यांनी कूलर उचलला आणि ते दुकानात गेले. आईने उंबऱ्यावर उकळतं पाणी ओतलं, फिनाइल ओतलं, आणि नंदाला दुसऱ्या खोलीत हलवलं.

नंदाचा ताप इंजेक्शनांच्या दहाव्या दिवशी उतरला. औषध चौदा दिवस चाललं. अकराव्या दिवशी ती म्हणाली, "कुसुम, कूलर गेला ना? मंग माझ्या कानात काहून चालू आहे?" आम्ही हसलो. डॉक्टर हसले नाहीत. त्या औषधाने कानाच्या नसा जातात. त्यांनी लगेच मात्रा कमी केली आणि पुढे तिला डाव्या कानाने थोडं कमी ऐकू येत राहिलं. मोठी आई अंगणात स्वतःशीच टोमणे मारू लागली की नंदा तो कान तिकडे करायची.

मी आता बेसा भागात एका फ्लॅटमध्ये राहते. खालच्या मजल्यावर अजून कूलर लागतो. आज या आजाराच्या मुलांना औषध वाफेतून थेट छातीत देतात, आणि दोन आजारी मुलांना एका बाकावर बसू देत नाहीत, कारण ती एकमेकांना जंतू देतात. यातलं काही तेव्हा आमच्यापर्यंत आलेलं नव्हतं. नंदा त्या उन्हाळ्यानंतर नऊ वर्षं जगली. तो जंतू तिच्या छातीत पुन्हा आला तो चौथ्या वर्षी, कुठून ते कळलं नाही.

सावनेरकडची ऑर्डर त्या हंगामात पुरी झाली. ते कूलर बिनभोकाचेच गेले. पुढच्या मार्चमध्ये दुकानातून जो पहिला कूलर बाहेर पडला त्याच्या टाकीला तळाशी भोक होतं आणि भोकाला रबरी बूच. त्यानंतरच्या प्रत्येकाला होतं. मोठ्या बाबांनी त्याचं कारण कोणाला सांगितलं नाही. त्यातला एक कूलर एका सकाळी आमच्या ओसरीवर ठेवलेला आढळला. कोणी ठेवला ते विचारायला कोणी गेलं नाही. आईने तो घरात घेतला नाही. तिने त्याच्या टाकीत सिगडीचा कोळसा भरून ठेवला आणि खिडकीला चादर लावली. जूनमध्ये नंदाच्या कफाचा रिपोर्ट आला. त्यात तो जंतू नव्हता.